दुसरा रिमोट

लोखंडी पेटीत, जेकॉर्डच्या पुठ्ठ्यांखाली
सापडला तो. पिवळा पडलेला,
अप्पांनी गड्ड्याच्या जत्रेतून आणलेला व्हिडिओ गेम.
दिवाळीचा बोनस संक्रांतीपर्यंत कसाबसा टिकवला होता त्यांनी
आणि नागेशचा गोवर नुकता उतरला होता.

सुपातल्या विड्या मोजता मोजता आई म्हणाली,
"काय फोडालीस गं ते? नागेशचं आहे."
हैदराबादेत त्याच्या तीन खोल्या,
भिंतीएवढा टीव्ही,
आणि हेही नागेशचंच.

पाच स्क्रूंपैकी चार निघाले.
पाचव्याच्या भोकात काडेपेटीची काडी.
आत हिरवी पट्टी, माझ्या तळहाताहून लहान,
आणि तळाला चिकटवलेला लोखंडाचा तुकडा,
हातात घेतल्यावर वजन वाटावं म्हणून.
बाकी पोकळी.
एवढ्या पोकळीसाठी भांडलो होतो आम्ही
दोन उन्हाळे.

साखर पेठेत यूपीएसच्या दुकानात मी आठ वर्षं काढली.
पोकळी दिसली की मापं घेते.
कुठल्याशा बँकेच्या काउंटरवरून भंगारात आलेला
छोट्या कॉम्प्युटरचा बोर्ड
तिरका घातला तर बसत होता, फक्त
मधले दोन खुंट आडवे येत होते.
तापल्या सुरीने कापले. घरभर वास.
आईने पदर नाकाला लावला,
तंबाखूत जन्म काढलेल्या बाईने.

बोर्ड बसला. तापू लागला.
मे महिना, वर पत्रा,
पंखासुद्धा गरम हवाच ढवळत होता.
खोक्याला श्वास घ्यायला जागा हवी
आणि माझ्या हाताने भोकं सरळ रेषेत पडत नाहीत.

मग पेटीतला एक पुठ्ठा काढला.
अप्पा सांगायचे, भोक असलं की दोरा वर,
भोक नसलं की खाली,
एवढंच कळतं मागाला, आणि एवढ्यावर
चादरीत मोर उतरतो.
पुठ्ठा झाकणावर चिकटवून
त्याच्याच भोकांतून ड्रिल फिरवलं.
कुठल्या मोराच्या कुठल्या पिसाची ती ओळ,
सांगणारा आता कुणी नाही.
हवा मात्र खेळू लागली.

कॅसेटच्या खाचेत पेनड्राइव्ह जातो.
घालण्याआधी मी फुंकर मारते.
गरज नसते.

राहता राहिला दुसरा रिमोट, माझा.
पहिल्याला स्टार्ट होतं, सिलेक्ट होतं.
माझ्याला चार दिशा आणि दोन लाल बटणं,
तीही नागेशने सुरू केल्यावर चालणारी.
मधली जागा कोरीच,
कारखान्यातूनच कोरी आलेली.
त्या कोऱ्या जागेत चार मिलिमीटरचं भोक पाडलं,
मेलेल्या माउसचं बटण बसवलं,
वायर थेट बोर्डावरच्या दोन खिळ्यांना.
डाग दिला. फुंकला.
पहिल्यांदा काहीच झालं नाही.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा लक्षात आलं, भिंतीतला स्विच बंद होता.

आता रोज रात्री आठला
आई हजाराचा आकडा पुरा करून हात पुसते,
मांडीवर रिमोट घेते, मधलं बटण दाबते.
झाकणातल्या भोकांतून हिरवा उजेड भिंतीवर पडतो,
पिसाची एक ओळ.
मग तिचा तेलुगू पिक्चर. नायक मरायला टेकला
की ती दाबून थांबवते,
भाकरी भाजून येते, आणि मग त्याला मरू देते.

रविवारी नागेशचा फोन.
"माझा रिमोट आहे का गं अजून? पहिला?
पोराला दाखवला असता."
"नाही सापडला," म्हणाले.

तेंदूच्या पानांच्या डब्याचं झाकण सैल झालंय.
त्याच्या वायरीने आईने ते घट्ट बांधलंय,
गाठ मारून,
स्टार्टचं बटण वरच्या बाजूला.